कडेचे त्रिकोण

तुकडे जोडून शिवलेले चौकोनी ब्लॉक सरळ ओळीत मांडले की क्विल्टला, म्हणजे गोधडीला, कडा आपसूक मिळते. तेच ब्लॉक ४५ अंशांत फिरवून टोकावर उभे केले की चौकोनांचे हिरे होतात, मांडणीला चाल येते, अगदी साधा नऊ तुकड्यांचा ब्लॉकसुद्धा भरजरी दिसायला लागतो. आणि चारही कडांना दाते पडतात. दोन दात्यांमधल्या खाचा त्रिकोणांनी भरल्या की कडा पुन्हा सरळ होते. बाजूंच्या खाचांत मोठे त्रिकोण बसतात, चार कोपऱ्यांत लहान. करायचं एवढंच आहे, पण पुष्कळ जणी इथे येऊन अडतात. रंगांवर तासभर वाद घालणाऱ्या, अर्धा इंच चौकोनांची बारीक जुळणी हसत हसत करणाऱ्या बायका ‘कडेला केवढा चौकोन कापायचा?’ म्हटलं की तक्ता शोधायला लागतात.

तक्ते काही चुकीचे नसतात. शिवून तयार झालेला ब्लॉक १२ इंची असेल तर कडेच्या त्रिकोणांसाठी सव्वाअठरा इंचांचा चौकोन घ्या, तो दोन्ही कर्णांवर कापा, चार त्रिकोण मिळतील. कोपऱ्यांसाठी ९ इंच ३ सुतांचा चौकोन घ्या, एकाच कर्णावर कापा, दोन मिळतील. (इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत; मला या हिशोबात दशांशांपेक्षा सूत जवळचं वाटतं, कारण कापायच्या पट्टीवर शेवटी तीच रेघ शोधायची असते.) बारा इंचांसाठी हे, नऊ इंचांसाठी ते, सहासाठी आणखी काही. माझी तक्त्याबद्दलची तक्रार निराळी आहे. तक्ता आकडा देतो, पण त्या आकड्याला हात लावायची हिंमत देत नाही. ब्लॉक शिवून पावणेबारा इंचांचे झाले तर? माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं कापड, पाव इंचाऐवजी थोडी जास्त घेत असू तर? कडेला ब्लॉकच्या टोकाबाहेर थोडी मोकळी जागा हवी असेल तर? तक्त्यात त्याची ओळ नसते, आणि मग माणूस जवळची ओळ उचलून नशिबावर हवाला ठेवतो.

आधी एक प्रश्न, जो तक्त्यात कधीच लिहिलेला नसतो: दोन्ही त्रिकोण काटकोनी, दोन्हींच्या दोन बाजू सारख्या, मग एकाला चौकोनाचे चार तुकडे आणि दुसऱ्याला दोनच, हा भेद कशासाठी? कोपऱ्याचा त्रिकोण कडेच्या त्रिकोणाच्या बरोबर निम्म्या क्षेत्रफळाचा असतो. म्हणजे फरक फक्त मापाचा, तेव्हा योग्य मापाचा चौकोन घेऊन कडेचे त्रिकोणही एकाच कर्णावर कापता आले असते की. आकार जुळला असता. कापड जुळलं नसतं.

कापडात उभे धागे असतात आणि आडवे धागे असतात. उभ्या धाग्याच्या दिशेने ओढलं तर सुती कापड जवळजवळ हलत नाही, आडव्या दिशेने किंचित देतं. तिरकं ओढलं की मात्र धाग्यांमधले चौकोन कलतात आणि कापड लांबत जातं, आणि सोडल्यावर ते मूळ मापाला परत येईलच असं नाही. हा उरेब गळ्याच्या पट्टीला हवाहवासा, कारण तिथे वळण घ्यायचं असतं. क्विल्टच्या बाहेरच्या कडेला तो नको. तिथे कापडाला आधार द्यायला पलीकडे दुसरं काहीच शिवलेलं नसतं. उचललं, अंथरलं, इस्त्री केली, प्रत्येक वेळी ती कडा थोडी थोडी लांबत जाते. बॉर्डर लावेपर्यंत कडेला लाटा आलेल्या असतात, आणि मग ती बॉर्डर कितीही मोजून कापली तरी सपाट बसत नाही.

आता त्रिकोण पुन्हा पाहा. कडेच्या त्रिकोणाची सगळ्यांत लांब बाजू, म्हणजे कर्ण, क्विल्टच्या कडेवर येतो. तेव्हा कर्ण धाग्याला समांतर हवा. चौकोन दोन्ही कर्णांवर कापला की प्रत्येक तुकड्याची लांब बाजू म्हणजे मूळ चौकोनाची बाजू, म्हणजेच धाग्याची सरळ दिशा, आणि दोन आखूड बाजू उरेब. उरेब बाजू ब्लॉकना शिवल्या जातात, तिथे ब्लॉक त्यांना धरून ठेवतात. कोपऱ्यात उलटं आहे: तिथे त्रिकोणाच्या दोन आखूड बाजू कडेवर येतात आणि लांब बाजू ब्लॉकला लागते. म्हणून एकाच कर्णावर कापलेला अर्धा चौकोन. कडेचे त्रिकोणही असेच एका कर्णावर कापले असते तर प्रत्येकाची लांब, बाहेरची बाजू उरेब झाली असती. चार तुकडे की दोन, याचं सगळं उत्तर ‘बाहेर काय येतं’ यात आहे. हे एकदा डोक्यात बसलं की ते पाठ करावं लागत नाही.

मग माप. टोकावर उभ्या ब्लॉकची रुंदी म्हणजे त्याचा कर्ण, आणि कडेच्या त्रिकोणाची लांब बाजू नेमकी तेवढीच. बाजूला १.४१४ ने गुणलं की कर्ण मिळतो. ही दोनच्या वर्गमुळाची किंमत, आणि ती कधीच संपत नाही, दशांशचिन्हानंतर चालतच राहते. कॅल्क्युलेटर हाताशी नसेल तर मला १२ आणि १७ ची जोडी पुरते. १२ चा वर्ग १४४, दुप्पट २८८. आणि १७ चा वर्ग २८९. एकाचाच फरक. म्हणून १२ इंची ब्लॉकचा कर्ण जवळजवळ १७ इंच. लहान ब्लॉकना ५ आणि ७: दोन वेळा २५ म्हणजे ५०, आणि ७ चा वर्ग ४९. ही दुसरी जोडी जरा ढोबळ आहे, पण टेबलावर ब्लॉक मांडताना अंदाजाला चांगली.

शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदींची मापं सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथांत, कर्ण काढायची जी रीत दिली आहे ती या १२ इंची ब्लॉकवर लावून पाहण्यासारखी आहे. बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि या शेवटच्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा. बारात चार मिळवले, एक मिळवला, सतरा झाले, आणि त्यातून १/३४ वजा. उत्तर १६.९७०६, म्हणजे कोणत्याही कात्रीला किंवा कटरला जमणार नाही इतकं बारीक. वेदी रचताना दोरीने जमीन मोजणाऱ्यांना एवढी बारकाई कशाला हवी होती, हा प्रश्न मला नेहमी पडतो. त्या वेद्यांसाठी चौकोनी विटांचे कर्णावर अर्धे आणि पाव असे त्रिकोणी तुकडेही सांगितले आहेत. आपले कोपऱ्याचे आणि कडेचे त्रिकोण अगदी तेच. बॅबिलोनची एक मातीची पाटीही प्रसिद्ध आहे, साडेतीन हजार वर्षांहून जुनी, सध्या येल विद्यापीठाच्या संग्रहात असलेली. तिच्यावर एक चौकोन आणि त्याचे दोन्ही कर्ण कोरलेले आहेत, बाजूला ३० आकडा, आणि कर्णावर साठाच्या पद्धतीत लिहिलेली किंमत, जी १.४१४२१ पर्यंत बिनचूक आहे. त्या पाटीचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते गणित वाटलंच नाही. कडेचे चार त्रिकोण कसे कापायचे त्याची ती आकृतीच होती.

असो. कर्ण मिळाला, १७ इंच. मग चौकोन सव्वाअठराचा का? सव्वा इंच कुठून आला? माया तर दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच, मिळून अर्धा इंच. साध्या चौकोनाला अर्धा इंच वाढवून भागतं, त्रिकोणाला का नाही?

कारण त्रिकोणाची टोकं निमुळती आहेत. तयार त्रिकोण कागदावर काढा आणि त्याच्या तिन्ही बाजूंना समांतर, पाव इंच अंतरावर बाहेरून रेघा ओढा. काटकोनाच्या कोपऱ्यात नवीन रेघा जुन्या कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच पुढे जाऊन भेटतात, चौकोनासारख्याच. पण ४५ अंशांच्या टोकाशी त्या रेघा इतक्या तिरक्या येतात की एकमेकींना गाठायला बरंच पुढे जावं लागतं. किती पुढे? मायेच्या २.४१४ पट. पाव इंचाला ०.६० इंच. मला सगळ्या विषयातली ही एकच गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी वाटते: काटकोनाचा कोपरा ०.२५ मागतो आणि निमुळतं टोक ०.६० मागतं.

कडेच्या त्रिकोणाची लांब बाजू दोन निमुळत्या टोकांमध्ये आहे, म्हणून ०.६० दोनदा, म्हणजे सुमारे १.२१, वर सरकवून सव्वा इंच. कोपऱ्याच्या त्रिकोणाची आखूड बाजू एका काटकोनापासून एका निमुळत्या टोकापर्यंत आहे, म्हणून ०.२५ आणि ०.६०, म्हणजे ०.८५, वर सरकवून ७ सूत. सगळ्या पुस्तकांत छापलेले सव्वा इंच आणि ७ सूत हे दोन आकडे एवढेच आहेत. दोन वेगळे नियम नव्हेत, एकाच त्रिकोणाच्या दोन बाजू. माया वेगळी घेत असाल तर लांब बाजूसाठी मायेला ४.८३ ने गुणा, आखूड बाजूसाठी ३.४१ ने. सेंटिमीटरमध्ये शिवणाऱ्यांनाही हेच. पाऊण सेंटिमीटर मायेला ३.६२ आणि २.५६ सेंटिमीटर येतात. इंचाच्या तक्त्यातले आकडे सेंटिमीटरमध्ये बदलून घ्यायची कटकट त्यात उरत नाही.

कोपऱ्याचं गणितही उरकून टाकते. कोपऱ्याच्या त्रिकोणाची लांब बाजू ब्लॉकच्या बाजूएवढी, म्हणजे आखूड बाजू काढायला ब्लॉकच्या मापाला १.४१४ ने भागायचं. १२ भागिले १.४१४ म्हणजे ८.४९, त्यात ७ सूत मिळवले की ९.३६, म्हणून ९ इंच ३ सूत. हेच ९ इंची ब्लॉकला केलं तर कडेला १४ इंच आणि कोपऱ्याला सव्वासात. ६ इंची ब्लॉकला पावणेदहा आणि ५ इंच १ सूत.

एक अख्खा क्विल्ट घेऊन पाहू. १२ इंची ब्लॉक, आडवे तीन, उभे चार, टोकावर. मुख्य ब्लॉक १२, आणि त्यांच्या मधल्या खळग्यांत दोन गुणिले तीन, म्हणजे ६ आणखी, एकूण १८. वर दोन खाचा, खाली दोन, डावीकडे तीन, उजवीकडे तीन. कडेचे त्रिकोण १०. कोपरे कायम चारच, क्विल्ट केवढाही असो. आकार तीन कर्ण रुंद आणि चार कर्ण लांब, ५१ बाय ६८ इंच. दहा त्रिकोणांना तीन चौकोन लागतात, दोन त्रिकोण उरतात. कापडाचा वापरता येण्याजोगा पन्हा ४२ इंच धरला तर सव्वाअठराचे दोन चौकोन एका पट्टीत बसतात, तिसरा दुसऱ्या पट्टीत, आणि त्याच्या शेजारी उरलेल्या जागेत कोपऱ्यांचे दोन्ही चौकोन. दोन पट्ट्या म्हणजे साडेछत्तीस इंच कापड. एक यार्ड ३६ इंचांचा, तेव्हा यार्डाने घेतलेलं कापड अर्ध्या इंचाने कमी पडतं. मीटर घेतला तर पुरून उरतं. अर्धा इंच कमी पडलेलं कापड डोळ्यांसमोर असणं फार त्रासदायक, म्हणून हा हिशोब कापड घ्यायच्या आधीचा.

कापडावर वर-खाली असलेली नक्षी असेल, म्हणजे सरळ उभी झाडं किंवा पक्षी, तर चौकोन कापल्यावर तुकडे लगेच उचलून एकावर एक ठेवू नयेत. वरच्या तुकड्याची लांब बाजू वर आहे, तो क्विल्टच्या वरच्या कडेला जातो. खालचा खालच्या कडेला, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. प्रत्येक चौकोनातून चारी दिशांचा एक एक त्रिकोण मिळतो आणि सगळी झाडं उभीच राहतात. आपल्या क्विल्टला वर-खाली दोन दोन आणि डाव्या-उजव्या बाजूंना तीन तीन हवेत. तीन चौकोनांतून प्रत्येक दिशेचे तीन मिळतात. उरणारे दोन त्रिकोण एक वरचा आणि एक खालचा. डाव्या-उजव्यांतला एकही उरत नाही. कोपऱ्यांच्या दोन चौकोनांना मात्र एक काळजी घ्यावी लागते: एक डाव्या कर्णावर कापायचा आणि दुसरा उजव्या. दोन्ही एकाच दिशेने कापले तर समोरासमोरचे दोनच कोपरे सरळ येतात, बाकीच्या दोहोंत झाडं आडवी होतात. रेघांच्या कापडालाही हेच लागू, फक्त तिथे कडेला रेघा कधी समांतर, कधी काटकोनात येतील हे आधीच मान्य करायला हवं. मला ते आवडतं. ज्यांना आवडत नाही त्यांनी रेघांचं कापड कडेला घेऊ नये. निम्मे त्रिकोण टाकून देऊन रेघा जुळवत बसण्यात कापडही जातं आणि मनही.

आता ज्या गोष्टीवर माझं ठाम मत आहे ती. मी तक्त्यातला आकडा कधीच कापत नाही. १.२१ चं सव्वा इंच केलं, तेव्हा जो वाढावा मिळाला तो इंचाच्या पंचविसाव्या भागाएवढा, आणि तोही कडेपर्यंत पोचताना निम्मा होतो. शिलाई थोडी आत सरकली, एखादा ब्लॉक किंचित मोठा निघाला, की बाहेरच्या ब्लॉकची टोकं बॉर्डरच्या शिवणीखाली बोथट होतात. इतक्या मेहनतीने जुळवलेली टोकं, आणि बोथट होतात ती अगदी कडेला, जिथे नजर पहिली जाते. म्हणून चौकोन मोठेच कापावेत आणि कडा नंतर पट्टीने सरळ करावी.

किती मोठे, याचा नियम मात्र कुठे फारसा लिहिलेला दिसत नाही, आणि तो सुंदर आहे. चौकोन १ इंचाने वाढवला की कडा अर्धा इंच बाहेर जाते. कडेच्या त्रिकोणात काटकोनाचं टोक ब्लॉकशी बांधलेलं असतं आणि लांब बाजू बाहेर सरकते. बाजू जेवढी वाढते, त्याच्या निम्मी उंची वाढते. कोपऱ्याच्या त्रिकोणात लांब बाजूचा मध्य ब्लॉकच्या मध्याशी बांधलेला असतो आणि दोन्ही आखूड बाजू बाहेर सरकतात. इथेही वाढीच्या निम्म्या. त्रिकोण दोन जातींचे, कापायची रीत दोन, पण वाढवायचा आकडा दोन्हींना एकच. टोकांबाहेर एक इंच मोकळं हवं तर कडेचा चौकोनही २ इंचांनी वाढवा आणि कोपऱ्याचाही २ इंचांनी. १२ इंची ब्लॉकला मग सव्वावीस आणि ११ इंच ३ सूत. अशा क्विल्टमध्ये ब्लॉक कडेला न टेकता मध्ये तरंगल्यासारखे दिसतात, आणि बॉर्डर शिवताना टोकं सांभाळायची भीती राहत नाही. फक्त या मोकळ्या जागेच्या दुप्पट माप क्विल्टच्या लांबीत आणि रुंदीत मिळवायला विसरू नये.

शिवणकामाबद्दल थोडंच. त्रिकोण कापण्याआधी कापडाला खळ लावून इस्त्री केलेली बरी. उरेब बाजू त्याने शहाण्यासारखी वागते. ब्लॉकच्या तिरक्या ओळी शिवताना त्रिकोणाचा काटकोनी कोपरा ब्लॉकच्या कोपऱ्याशी जुळवायचा आणि निमुळतं टोक पलीकडे लोंबू द्यायचं. मध्य जुळवायचा मोह होतो, तो आवरावा. मध्य फक्त कोपऱ्यांच्या चार त्रिकोणांना, आणि ते सगळ्यांत शेवटी लावायचे. मशीनवर त्रिकोण खाली आणि ब्लॉक वर ठेवला तर उरेब बाजू मशीनच्या दात्यांवर न ताणता पुढे सरकते आणि ब्लॉकच्या शिवणी डोळ्यांसमोर राहतात. काही जणी उलटं सांगतात, मला हे जमतं. इस्त्री दाबायची, सरकवायची नाही. आणि कडा कापताना पट्टीची पाव इंचाची रेघ ब्लॉकच्या टोकांवर ठेवायची, मोकळी जागा सोडली असेल तर त्या मापात पाव इंच मिळवून येणारी रेघ. ४५ अंशांची रेघ ब्लॉकच्या शिवणीवर बसते का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावं, कारण चारही कडा सरळ असून क्विल्ट तिरका असू शकतो.

आणखी एक, गुणाकाराच्या आधीचं. ब्लॉक ‘१२ इंची’ आहे असं नमुन्यात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात काय झालाय ते, कडेची माया सोडून, मोजावं, एकच नव्हे, चार-पाच. ते सगळे साडेअकराला टेकलेले असतील तर गणितात साडेअकरा धरावं. त्रिकोणांना नमुन्याशी काही देणंघेणं नसतं, ते ब्लॉकला शिवायचे आहेत.

पुष्कळदा गणित उलट्या दिशेनेच करावं लागतं. ब्लॉक अजून शिवलेले नसतात, पण कडेसाठी जे कापड मनात बसलंय त्याचे १५ इंचांहून मोठे चौकोन निघत नाहीत. मग पंधरातून सव्वा वजा, पावणेचौदा, त्याला १.४१४ ने भागलं की ९.७२. म्हणजे तयार ब्लॉक पावणेदहाच्या आतच हवा. मी अशा वेळी ९ इंची ब्लॉक घेते. ९ इंचांना १४ चा चौकोन पुरला असता, आपल्याकडे १५ आहे, एक इंच वाढीव, तेव्हा कडा अर्धा इंच बाहेर जाईल. आणि कोपऱ्यांचे चौकोन सव्वासाताऐवजी सव्वाआठ कापायचे.